संकेतस्थळाची खिडकी आणि रांगेचे गणित

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



२०२० सालच्या डिसेंबर महिन्यात महाराष्ट्रातील १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुकांसाठी उमेदवारी अर्ज भरण्याचे काम चालू होते. अर्ज संगणकावरून भरावयाचा होता. त्यासाठी २३ ते ३० डिसेंबर अशी मुदत होती आणि मधले तीन दिवस सुट्टीचे होते. अखेरच्या दिवसांत अर्जदारांची एकच गर्दी झाली, संगणकीय यंत्रणेत अडचणी येऊ लागल्या, आणि शेवटी राज्य निवडणूक आयोगाने पारंपरिक पद्धतीने कागदावर भरलेले अर्जही स्वीकारण्यास अनुमती दिली. अखेरच्या दिवसाची वेळही वाढवून देण्यात आली. त्यामुळे अनेक इच्छुकांचा मार्ग मोकळा झाला.

असा प्रसंग एकट्या महाराष्ट्रावर आलेला नाही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्य विम्याचे राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा पहिल्या दिवशी अवघ्या ६ जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. भारतात २८ एप्रिल २०२१ रोजी १८ वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरणाची नोंदणी दुपारी ४ वाजता खुली झाली. पहिल्याच दिवशी १ कोटीहून अधिक नागरिकांनी नोंदणी केली, परंतु आरंभीच्या काही वेळात अनेकांना संकेतस्थळ उघडता आले नाही.

अशा प्रसंगांची कारणे एकाहून अधिक असतात. कोठे आज्ञावली सदोष असते, कोठे दूरसंचार वाहिनी अपुरी पडते, कोठे माहितीचा साठा हाताळणारी यंत्रणा दमते. या सर्वांत एक कारण असे आहे की, ते डोळ्यांना दिसत नाही आणि ते दूर करण्यास बहुधा फारसा खर्चही लागत नाही. सर्व्हरने एका वेळी किती जणांचे काम हाती घ्यावे आणि एकेका व्यक्तीसाठी जोडणी किती वेळ राखून ठेवावी, याचे आकडे त्या यंत्रात कोणीतरी लिहून ठेवलेले असतात. ते आकडे गणित करून ठरविले आहेत की यंत्राबरोबर आले तसेच राहू दिले आहेत, यावर गर्दीच्या दिवसाचे यशापयश मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. प्रस्तुत भाषणाचा विषय हे आकडे हाच आहे.

सर्व्हरची कचेरी

सर्व्हर हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक अर्थ प्रत्यक्ष यंत्राचा, आणि दुसरा त्या यंत्रावर चालणाऱ्या, आलेली मागणी ऐकून पाने पाठविणाऱ्या आज्ञावलीचा. अशा आज्ञावलींपैकी 'अपाची' ही १९९५ पासून आणि 'एन्जिनएक्स' ही २००४ पासून जगात सर्वत्र वापरात आहे. दोन्ही विनामूल्य उपलब्ध आहेत आणि त्यांची रचना कोणालाही वाचता येते. अनेक संस्थांची संकेतस्थळे यांपैकी एकीवर किंवा दोहोंवर मिळून चालतात.

त्यांचे काम समजण्यासाठी तलाठ्याच्या किंवा तहसीलच्या कचेरीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. नागरिक खिडकीशी येतो, मागणी सांगतो, कारकून दप्तर पाहतो, उतारा तयार करतो आणि नागरिकाच्या हाती देतो. अपाचीच्या जुन्या व अजूनही प्रचलित असलेल्या पद्धतीत प्रत्येक नागरिकासाठी एक स्वतंत्र कारकून लागतो. या कारकुनाला संगणकाच्या भाषेत 'प्रोसेस' म्हणतात. नवी प्रोसेस उभी करण्यास थोडा वेळ लागतो, म्हणून काही प्रोसेस आधीपासूनच तयार ठेवल्या जातात. अपाची आरंभी ५ प्रोसेस सुरू करते, निदान ५ रिकाम्या राहतील आणि १० हून अधिक रिकाम्या बसणार नाहीत अशी दक्षता घेते, आणि गर्दी वाढेल तसतशी ही संख्या कमाल २५६ पर्यंत नेते. हे सर्व आकडे निर्मात्यांनी सर्वसाधारण सोयीसाठी घातलेले आहेत. जेथे यंत्र बसविले जाते, त्या जागेची त्यांना माहिती नसते.

कमाल संख्येच्या या आकड्याला पूर्वी 'मॅक्स क्लायंट्स' असे नाव होते. २०१२ मध्ये आलेल्या २.४ या आवृत्तीत ते बदलून 'मॅक्स रिक्वेस्ट वर्कर्स' असे करण्यात आले. क्लायंट म्हणजे ग्राहक आणि वर्कर म्हणजे काम करणारा. हा आकडा बाहेर उभ्या असलेल्या लोकांचा नसून आत बसलेल्या कारकुनांचा आहे, हे नव्या नावामुळे स्पष्ट झाले.

खोलीचे माप

संकेतस्थळ मंद झाले की पहिली सूचना येते ती हा आकडा वाढविण्याची. कारकून अधिक बसविले तर काम अधिक होईल, हा विचार स्वाभाविक आहे. परंतु प्रत्येक कारकुनाला बसण्यास जागा लागते. प्रोसेसची जागा म्हणजे संगणकाची मेमरी.

एक उदाहरण घ्यावे. एका सर्व्हरची मेमरी ८ जीबी, म्हणजे ८,१९२ एमबी आहे. त्यातील २ जीबी यंत्राच्या स्वतःच्या व इतर कामांसाठी बाजूला ठेवली, तर ६,१४४ एमबी उरते. गर्दीच्या वेळी मोजणी केली असता एक प्रोसेस सुमारे ६० एमबी जागा व्यापते असे आढळले, तर भागाकार १०२ येतो. कमाल संख्या १०० ठेवावी, असा त्याचा अर्थ. या यंत्रावर मूळचा २५६ हा आकडा तसाच राहू दिला, तर पूर्ण गर्दीत १५,३६० एमबी, म्हणजे १५ जीबी मेमरी लागेल. ८ जीबीच्या यंत्रात ती कोठून यावयाची?

मेमरी संपली म्हणून यंत्र लगेच थांबत नाही. थांबते तर अडचण निदान कळली असती. ते मेमरीतील काही भाग डिस्कवर नेऊन ठेवते आणि गरज लागेल तेव्हा परत आणते. खोलीत जागा नाही म्हणून प्रत्येक कारकुनाने आपले कागद तालुक्याच्या अभिलेख कक्षात ठेवावे आणि एकेक कागद आणण्यासाठी तेथे खेप घालावी, असा हा प्रकार होय. मेमरीतून माहिती मिळण्यास साधारणपणे सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतका वेळ लागतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कवरून तीच माहिती आणण्यास सेकंदाचा शंभरावा भाग लागू शकतो. हा फरक लाखपटीचा आहे. नव्या प्रकारच्या डिस्कवर तो कमी झाला असला, तरी सुमारे हजारपटीचा राहतोच. परिणामी २५६ कारकून बसलेले दिसतात, परंतु काम १०० जणांइतकेही होत नाही. सर्वांचीच गती एकाच वेळी मंदावते, आणि ज्यांचे काम निम्म्यावर आले होते त्यांचेही अडते.

म्हणून पहिला नियम असा की, कमाल संख्या मेमरीच्या मापाने ठरवावी. १०१ वा नागरिक दाराबाहेर क्षणभर थांबला तरी चालेल. आतील १०० जणांचे काम मात्र वेगाने उरकले पाहिजे. दाराबाहेर किती जणांना उभे राहू द्यावयाचे, याचीही नोंद यंत्रात असते. अपाचीत हा आकडा मूळचा ५११ असतो. तथापि त्याखाली चालणाऱ्या लिनक्स प्रणालीची स्वतःची एक मर्यादा असते, आणि दोहोंपैकी लहान आकडा लागू होतो. लिनक्सची ही मर्यादा पूर्वी १२८ होती, ती २०१९ मध्ये ४,०९६ करण्यात आली. जुन्या यंत्रावर अपाचीत ५११ लिहिले असूनही १२८ नंतरच्या नागरिकाला दारात जागा मिळत नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

रांगेचे शास्त्र

रांगेचा विचार शास्त्रीय पद्धतीने प्रथम झाला तो टेलिफोनच्या संदर्भात. कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती आग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये या विषयावरील आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. इतक्या ग्राहकांसाठी किती तारा आणि किती ऑपरेटर पुरेसे होतील, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहिलेल्या पिढीला या प्रश्नाचे मोल वेगळे सांगावयास नको.

पुढे १९६१ मध्ये अमेरिकेतील जॉन लिटल यांनी एक साधे सूत्र सिद्ध केले. कचेरीच्या आत एका वेळी असणाऱ्या लोकांची सरासरी संख्या ही, दर सेकंदाला येणारे लोक आणि प्रत्येकाला आत लागणारा वेळ यांच्या गुणाकाराइतकी असते. दर सेकंदाला २०० मागण्या येत असतील आणि प्रत्येकीला अर्धा सेकंद लागत असेल, तर एका वेळी १०० प्रोसेस गुंतलेल्या राहतील. वरील उदाहरणातील यंत्राची ही कमाल झाली. तेथे दर सेकंदाला ३०० मागण्या येऊ लागल्या, तर प्रोसेसची संख्या वाढविणे शक्य नाही. मार्ग एकच उरतो, आणि तो म्हणजे प्रत्येक मागणीला लागणारा वेळ कमी करणे.

रांगेचा आणखी एक गुणधर्म शासकीय नियोजनात ध्यानी ठेवण्याजोगा आहे. एकच खिडकी आहे आणि लोक अनियमितपणे येत आहेत, असे सर्वांत सोपे गणित मांडले, तर खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असताना नागरिकाला प्रत्यक्ष कामाच्या दुप्पट वेळ लागतो. ती ८० टक्के गुंतली की पाचपट, ९० टक्के गुंतली की दहापट आणि ९५ टक्क्यांवर वीसपट वेळ लागतो. म्हणजे ९० वरून ९५ टक्क्यांवर जाताना काम थोडे वाढते, परंतु प्रतीक्षा दुप्पट होते. मुदतीच्या अखेरच्या दिवशी सकाळी ठीक चाललेले संकेतस्थळ दुपारी एकाएकी का अडते, याचे उत्तर या गणितात आहे. यंत्रणेची संपूर्ण क्षमता रोजच्या कामातच वापरली जात असेल, तर निकडीच्या दिवसासाठी काहीच शिल्लक राहत नाही.

खिडकी अडवून ठेवणारी जोडणी

आता दुसऱ्या आकड्याकडे वळावयाचे. संकेतस्थळाचे एक पान उघडताना त्याबरोबर चित्रे, अक्षरांचे वळण, मांडणीच्या सूचना अशा अनेक वस्तू मागवाव्या लागतात. आरंभीच्या काळात प्रत्येक वस्तूसाठी नवी जोडणी करावी लागे. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या संकेतनियमाने एकदा केलेली जोडणी पुढील मागण्यांसाठी चालू ठेवण्याची पद्धत रूढ केली. तिला 'कीप अलाइव्ह' म्हणतात. उतारा मिळाल्यावर नागरिकाने खिडकी न सोडता पुढचा कागद मागावा, तशी ही सोय आहे.

ग्रामीण भागाच्या दृष्टीने ही सोय फार मोलाची आहे. मोबाईलच्या क्षीण जाळ्यावरून सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास एका फेरीला सेकंदाचा पाचवा भाग लागतो असे धरले, तर सुरक्षित जोडणी नव्याने उभारण्यातच जुन्या पद्धतीने तीन फेऱ्या, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ जातो. २०१८ च्या नव्या सुरक्षा नियमात यातील एक फेरी वाचली, तरी दोन उरतातच. प्रत्येक वस्तूसाठी हा खर्च करावा लागला, तर शहरातील नागरिकाला फरक फारसा जाणवणार नाही, परंतु दुर्गम गावातील शाळेच्या मुख्याध्यापकाला तो निश्चित जाणवेल. म्हणून गर्दी झाली की कीप अलाइव्ह सरसकट बंद करावे, हा उपाय सर्वांसाठी सारखा न्याय्य नाही.

परंतु या सोयीची दुसरी बाजूही आहे. नागरिक शेवटचा कागद घेऊन तो वाचत बसतो, आणि तो आणखी काही मागेल म्हणून कारकून त्याच्याकडे पाहत बसून राहतो. मागे रांग असली तरी कारकून हलत नाही. हे थांबणे किती काळ असावे, याचा आकडा अपाचीच्या जुन्या आवृत्त्यांत १५ सेकंद होता. नंतर तो ५ सेकंद करण्यात आला.

याचा परिणाम आकड्यांत पाहावा. १०० प्रोसेस आहेत, आणि एका नागरिकाचे प्रत्यक्ष काम १ सेकंदात होते. थांबण्याचा काळ १५ सेकंद असेल, तर प्रत्येक प्रोसेस एका नागरिकापाशी १६ सेकंद अडकते आणि तासाला २२,५०० नागरिकांची सोय होते. थांबण्याचा काळ ५ सेकंद केला, तर ही संख्या ६०,००० होते. तो २ सेकंद केला, तर १,२०,००० होते. यंत्र तेच, मेमरी तीच, वाहिनी तीच. एक आकडा बदलल्याने सेवेची व्याप्ती पाचपटीहून अधिक वाढली. प्रत्यक्षात ब्राउझर एका वेळी अनेक जोडण्या उघडतो, त्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही. परंतु बदलाची दिशा हीच असते.

शिपायाची नेमणूक

वाट पाहण्याच्या कामासाठी कारकूनच कशाला हवा, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. दाराशी एक शिपाई बसवावा; कोणी नवीन मागणी केली की त्याने ती आत कळवावी; तोवर कारकुनाने दुसऱ्याचे काम करावे. १९९९ च्या सुमारास एकाच यंत्राने एका वेळी १० हजार जोडण्या कशा सांभाळाव्या, हा प्रश्न संगणकतज्ज्ञांत चर्चिला जाऊ लागला. त्यातून ही शिपायाची पद्धत पुढे आली. रशियन अभियंते इगोर सिसोयेव यांनी रचलेली एन्जिनएक्स ही आज्ञावली याच तत्त्वावर उभी आहे. तिच्यात संगणकाच्या जितक्या प्रक्रिया-शाखा, म्हणजे कोअर, असतील तितक्याच प्रोसेस सामान्यतः ठेवल्या जातात आणि एकेक प्रोसेस शेकडो-हजारो जोडण्यांवर लक्ष ठेवते. अपाचीनेही २.४ या आवृत्तीत 'इव्हेंट' नावाची अशीच पद्धत पूर्ण स्वरूपात उपलब्ध करून दिली. वरील उदाहरणात वाट पाहण्याचा बोजा कारकुनांवरून पूर्णपणे काढला, तर त्याच १०० कारकुनांकडून तासाला ३,६०,००० नागरिकांचे काम होऊ शकेल.

मंद जाळ्यावरील नागरिकांचा प्रश्नही याच मार्गाने सुटतो. उतारा तयार झाला, परंतु तो नेणाऱ्याची चाल मंद असेल, तर जुन्या पद्धतीत कारकून तो पूर्ण पोहोचेपर्यंत अडकून पडतो. अपाचीच्या पुढे एन्जिनएक्स ठेवली, तर कारकून तयार कागद एकदम शिपायाकडे देतो आणि मोकळा होतो. शिपाई तो नागरिकाच्या गतीने पोहोचवितो. २००९ मध्ये 'स्लोलोरिस' नावाचे एक उपद्रवी तंत्र उघड झाले. त्यात मागणी मुद्दाम अतिशय सावकाश, तुकड्यातुकड्याने पाठवून सर्व कारकून अडवून ठेवले जातात. यावरील उपायही हाच, आणि जोडीला मागणी पूर्ण येण्यासाठी किती काळ थांबावे याची मर्यादा घालणे. अपाचीत जोडणीवर काहीच हालचाल नसताना थांबण्याचा काळ पूर्वी ३०० सेकंद होता, तो आता ६० सेकंद आहे.

मात्र शिपाई नेमला म्हणजे आतील मर्यादा नाहीशी होते, असे समजू नये. पीएचपी या भाषेत रचलेली संकेतस्थळे एन्जिनएक्समागे चालतात, तेव्हा खरे काम करणाऱ्या प्रोसेस वेगळ्या ठिकाणी असतात आणि त्यांची कमाल संख्या नमुन्याच्या मांडणीत केवळ ५ असते. ती वाढवावीच लागते. परंतु वाढविताना मेमरीचा वर सांगितलेला भागाकार पुन्हा करावा लागतो.

मागची दुसरी खिडकी

कारकुनाच्या मागे दप्तरखाना असतो. संकेतस्थळामागील दप्तरखाना म्हणजे डेटाबेस. त्याचीही स्वतःची खिडकी आणि स्वतःची मर्यादा असते. मायएसक्यूएल या प्रचलित डेटाबेसमध्ये मूळची मर्यादा १५१ जोडण्यांची आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ती १०० आहे. पुढे २५६ प्रोसेस आणि मागे १५१ जोडण्या अशी मांडणी असेल, तर गर्दीत १५२ वा कारकून दप्तरखान्याच्या दारातून परत फिरतो, आणि नागरिकाला त्याच्या पडद्यावर न समजणारा दोषसंदेश दिसतो. पुढच्या खिडक्या वाढविताना मागचे दप्तर किती जणांना पुरेल, याचा विचार झाला नाही, तर गर्दी एका दारातून दुसऱ्या दारात सरकते, इतकेच.

ज्या कामासाठी दप्तर उघडण्याची गरज नाही, त्यासाठी ते उघडू नये, हा त्यावरील सर्वांत चांगला मार्ग होय. परीक्षेचा निकाल एकदा लागला की बदलत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याचे गुणपत्रक आधीच तयार करून ठेवले, तर सर्व्हरने तयार कागद उचलून द्यावयाचा, एवढेच काम उरते. अर्ध्या सेकंदाचे काम सेकंदाच्या अल्पशा अंशावर येते, आणि लिटल यांच्या सूत्रानुसार तितक्या प्रमाणात सेवा वाढते.

मोजणी आधी, बदल नंतर

हे सर्व आकडे कोणी कोठून ऐकून लिहिण्याचे नाहीत. दुसऱ्या जिल्ह्यात यशस्वी ठरलेला आकडा या जिल्ह्यातील यंत्राला लागू पडेलच, असे नाही. मेमरी वेगळी, आज्ञावली वेगळी, नागरिकांचे जाळे वेगळे. म्हणून मोजणी अटळ आहे.

सुदैवाने मोजणीची साधने यंत्राबरोबरच येतात. अपाचीचे एक स्थितिपत्रक असते. त्यात प्रत्येक प्रोसेसपुढे एकेक चिन्ह दिसते: कोणती मागणी वाचत आहे, कोणती उत्तर पाठवीत आहे, कोणती केवळ जोडणी राखून बसली आहे आणि कोणती रिकामी आहे. त्यात बहुतांश जागी जोडणी राखून बसल्याचे चिन्ह दिसले, तर थांबण्याचा काळ कमी करावा. उत्तर पाठविण्याचे चिन्ह सर्वत्र दिसले, तर दोष दप्तराच्या किंवा आज्ञावलीच्या मंदपणात शोधावा. 'अपाची बेंच' या साधनाने खोटी गर्दी निर्माण करून यंत्राची परीक्षाही घेता येते. मात्र ती चालू संकेतस्थळावर न घेता त्याच्या प्रतिकृतीवर घ्यावी.

कमाल संख्या गाठली गेली की अपाची आपल्या नोंदवहीत तशी नोंद करते आणि संख्या वाढविण्याचा विचार करावा, असेही सुचविते. ही सूचना वाचून अनेक जण तत्काळ आकडा दुप्पट करतात. सूचना करणाऱ्या आज्ञावलीने मेमरीचा हिशेब केलेला नसतो. तो माणसानेच करावयाचा असतो. शिवाय एका वेळी एकच आकडा बदलावा, बदलाची तारीख, जुना आकडा, नवा आकडा आणि आढळलेला परिणाम यांची नोंद ठेवावी. दप्तराची ही जुनी शिस्त संगणकालाही लागू आहे.

कचेरीचे काम आणि नागरिकांचे काम

पंचायत सदस्यांनी, शिक्षकांनी किंवा तहसीलदारांनी हे आकडे स्वतः लिहावयाचे नाहीत. ते काम तंत्रज्ञाचे. परंतु काम करवून घेणाऱ्याला योग्य प्रश्न विचारता आले पाहिजेत. एका वेळी किती प्रोसेस चालतील आणि तो आकडा कोणत्या मोजणीवरून ठरविला? जोडणी किती सेकंद राखली जाते? डेटाबेसची मर्यादा किती, आणि ती पुढच्या आकड्याशी जुळते काय? अपेक्षित गर्दीच्या दुप्पट भाराखाली परीक्षा घेतली काय, आणि तिचा लेखी अहवाल कोठे आहे? ज्याच्यापाशी या चार प्रश्नांची लेखी उत्तरे आहेत, त्याचे यंत्र बहुधा गर्दीतही टिकते. ज्याच्यापाशी नाहीत, त्याला नवे, महागडे यंत्र देण्यापूर्वी ही उत्तरे मागावीत.

गर्दी कोणत्या दिवशी व्हावी, हे तर पुष्कळदा शासनाच्याच आदेशाने ठरते. मुदतीच्या मध्ये सुट्ट्या येतात की नाही, सर्व जिल्ह्यांसाठी एकच अखेरची घटका ठेवावयाची की टप्पे पाडावयाचे, निकाल एकाच क्षणी खुला करावयाचा की विभागवार, हे निर्णय कागदावर होतात. परंतु त्यांचा भार यंत्रावर पडतो. आठ दिवसांत समान वाटलेली गर्दी आणि अखेरच्या चार तासांत एकवटलेली गर्दी यांना लागणारी यंत्रणा एकच नसते. परिपत्रक काढण्यापूर्वी संगणक विभागाचे मत घेतले जावे, ही अपेक्षा म्हणूनच रास्त आहे.

नागरिकांच्या वाट्यालाही थोडे काम येते, आणि तेथे शिक्षकांचे मार्गदर्शन उपयोगी पडेल. पान उघडत नाही असे दिसताच विद्यार्थी पुन्हा पुन्हा कळ दाबतात. प्रत्येक वेळी नवी मागणी जाते. जुनी सोडून दिल्याचे आतील कारकुनाला बहुधा कळतही नाही, आणि तो घेणारा निघून गेलेला उतारा तयार करीत बसतो. शंभर विद्यार्थ्यांनी दहा-दहा वेळा कळ दाबली, तर रांग हजारांची होते. एक-दोन मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न करणे हे स्वतःच्या आणि इतरांच्याही हिताचे आहे.

महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने ठरावीक मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आहे. उतारा, दाखला, प्रवेश, विमा, उमेदवारी अशा अनेक कामांचा मार्ग आता संकेतस्थळावरून जातो. ते संकेतस्थळ अडले, तर शहरातील सुशिक्षित तरुण रात्री दोन वाजता पुन्हा प्रयत्न करील. परंतु दहा मैलांवरून सेवा केंद्रात आलेला शेतमजूर संध्याकाळची एस.टी. चुकू नये म्हणून काम न होताच परत जाईल. त्याची एक दिवसाची मजुरी बुडेल आणि कदाचित मुदतही. एखाद्या सर्व्हरच्या फाईलमध्ये लिहिलेला १५ हा आकडा २ करावयाचा की नाही, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. परंतु त्या मजुराचा दिवस त्यावर अवलंबून असतो. म्हणून प्रत्येक कार्यालयाने येत्या गर्दीच्या हंगामापूर्वी आपल्या संकेतस्थळाचे आकडे एकदा तपासून घ्यावेत, त्यांची मोजणी करवून घ्यावी आणि ती नोंद दप्तरी ठेवावी, अशी सर्वांना विनंती आहे.